आधी खुर्ची, मग किंमत: लंडन-न्यूयॉर्कच्या प्रवासात म्युझिकलचं तिकीट

माझी उंची चार फूट अकरा इंच, नवऱ्याची सहा फूट एक. नाटकाला बसलो की मला पुढच्याचं डोकं आडवं येतं आणि त्याचे गुडघे पुढच्या खुर्चीला टेकतात. त्यामुळे तिकीट काढताना मी किमतीच्या आधी खुर्ची बघायला शिकले. गेल्या बारा वर्षांत लेकीच्या निमित्ताने आम्ही लंडनला चारदा आणि न्यूयॉर्कला दोनदा गेलो. दर खेपेला दोन-तीन म्युझिकल, म्हणजे गाण्या-नाचांची नाटकं पाहिली. नात्यातलं, ओळखीतलं कुणी तिकडे निघालं की मला फोन येतो, "कुठली तिकिटं काढू?" फोनवर जे सांगते तेच इथे नीट लिहून काढलं आहे.

पहिल्या खेपेला आम्ही चुकलो. लंडनला लेस्टर स्क्वेअरच्या आसपास 'हाफ प्राइस' अशा पाट्या लावलेली बरीच दुकानं आहेत. त्यातल्या एकात शिरलो, दोन तिकिटं मिळाली म्हणून खूश होऊन बाहेर आलो. थिएटरात बसल्यावर कळलं की माझ्या बरोब्बर पुढे लोखंडी खांब आहे. तिकिटावर बारीक अक्षरांत 'रिस्ट्रिक्टेड व्ह्यू' छापलेलं होतं. दुकानदार त्याबद्दल बोलला नव्हता आणि मीही विचारलं नव्हतं. नायिकेचं शेवटचं गाणं मी पूर्ण ऐकलं, पण ती दिसली ते फक्त टाळ्या घ्यायला पुढे आली तेव्हा. त्या रात्री हॉटेलवर परतल्यावर मी त्या थिएटरचा प्लॅन, म्हणजे खुर्च्यांचा नकाशा, उघडून बसले, आणि तेव्हापासून प्लॅन वाचल्याशिवाय मी एकही तिकीट काढलेलं नाही.

प्लॅन वाचायचा तर आधी शब्द कळायला हवेत, कारण दोन्ही शहरांत ते वेगळे आहेत. लंडनमध्ये तळमजल्याला 'स्टॉल्स' म्हणतात. त्याच्या वरचा सज्जा 'ड्रेस सर्कल', काही ठिकाणी 'रॉयल सर्कल'. त्याच्यावर 'अपर सर्कल' किंवा 'ग्रँड सर्कल' आणि कधीकधी त्याहूनही वर 'बाल्कनी'. न्यूयॉर्कमध्ये तळमजला म्हणजे 'ऑर्केस्ट्रा', वरचा सज्जा 'मेझनीन' आणि त्याच्यावर 'बाल्कनी'. माझ्या जावेने 'ऑर्केस्ट्रा' हा शब्द वाचून ती वादकांची जागा समजली आणि चांगली खुर्ची सोडून वरची घेतली. वादक बसतात त्या खड्ड्याला 'पिट' म्हणतात. 'ऑर्केस्ट्रा' लिहिलेलं दिसलं की आपण तळमजल्यावर आहोत एवढं लक्षात ठेवा.

न्यूयॉर्कच्या आकड्यांमध्ये आणखी एक गंमत आहे, आणि ती ठाऊक नसेल तर नवरा-बायकोची ताटातूट होते. ब्रॉडवेच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या व्यावसायिक नाटकांच्या, बहुतेक थिएटरांत डाव्या बाजूच्या खुर्च्यांना विषम आकडे असतात, उजव्या बाजूला सम, आणि मधल्या भागाला १०१ पासून पुढे ओळीने. म्हणजे ३ आणि ५ या शेजारशेजारच्या खुर्च्या झाल्या, तर १ आणि २ यांच्यामध्ये अख्खा मधला भाग येतो. याचा फायदाही करून घेता येतो. बाजूच्या भागात आकडा जितका लहान, तितकी खुर्ची मध्याजवळ. १ किंवा २ नंबर बाजूच्या दरात विकला जात असेल तर ती खुर्ची मधल्या भागाला खेटून, फक्त वाटेपलीकडे असते. अशी दिसली की मी पुढचा विचार करत नाही. लंडनमध्ये आकडे साधारणपणे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ जातात, त्यामुळे रांगेचा शेवटचा आकडा बघून मध्य स्वतः काढावा लागतो. रांगांच्या अक्षरांतही थोडं लक्ष हवं. अनेक ठिकाणी 'आय' हे अक्षर वगळतात आणि 'ए'च्याही पुढे, रंगमंचाच्या बाजूला, 'एए', 'बीबी' अशा रांगा असतात. 'ए' म्हणजे पहिली रांग असं धरून चालू नका.

आता मुख्य गोष्ट. चांगली खुर्ची म्हणजे रंगमंचाच्या सगळ्यांत जवळची नव्हे. पहिल्या रांगेतून नटांच्या चेहऱ्यावरची रेष न् रेष दिसते, पण रंगमंच उंच असेल तर नाचणाऱ्यांचे पाय दिसत नाहीत, आणि म्युझिकलमध्ये पाय दिसायलाच हवेत. स्टॉल्समध्ये पाचवी ते बारावी रांग, मधला भाग, ही सर्वसाधारण उत्तम जागा, आणि म्हणूनच तिचा दर 'प्रीमियम' असतो. ब्रॉडवेवर ही प्रीमियमची पद्धत २००१ मध्ये सुरू झाली, तेव्हा एका गाजलेल्या खेळासाठी एका खुर्चीचे ४८० डॉलर लावले होते. मी त्या नादाला लागत नाही. माझी आवडती जागा म्हणजे सर्कलची किंवा मेझनीनची दुसरी-तिसरी रांग, मध्यभागी. तिथून नाचाची पूर्ण रचना दिसते, जमिनीवर पडणारे दिव्यांचे आकार दिसतात आणि सगळा समूह एका नजरेत येतो. पहिली रांग का नाही? तिथे पुढे सुरक्षेसाठी आडवी दांडी असते आणि माझ्या उंचीच्या माणसाला ती नेमकी रंगमंचाच्या मधोमध येते. शिवाय अनेक जुन्या थिएटरांत त्या रांगेत पाय ठेवायला जागा कमी. उंच माणसाला दांडीचा त्रास नाही, पण गुडघ्यांचा आहेच.

स्टॉल्सच्या अगदी मागच्या रांगा घेताना वरचा सज्जा आठवा. तो डोक्यावर इतका पुढे आलेला असतो की रंगमंचाचा वरचा भाग कापला जातो. नेपथ्य दोन मजली असेल, कुणी वरून अवतरणार असेल, 'द फँटम ऑफ द ऑपेरा'सारखं झुंबर टांगलेलं असेल, तर मागच्या स्टॉल्समधून ते हुकतं. त्याच पैशांत सर्कलमध्ये बसावं.

खेळाप्रमाणे उत्तर बदलतं. 'द लायन किंग'मध्ये सुरुवातीलाच प्राणी प्रेक्षागृहातून चालत रंगमंचावर जातात. त्यासाठी तळमजल्यावर वाटेच्या कडेची खुर्ची घ्यावी, मध्यापासून थोडी लांब असली तरी चालेल. हत्ती माझ्यापासून हातभर अंतरावरून गेला तेव्हा मला रडू आलं, ते मी अजून विसरलेले नाही. थिएटरची बांधणीही बघायची. न्यूयॉर्कचं रिचर्ड रॉजर्स हे १९२५ सालचं थिएटर, 'हॅमिल्टन' तिथेच चालतं. त्याचा तळमजला चांगलाच चढता आहे, म्हणून मागच्या रांगेतूनही मला पुढच्यांच्या डोक्यांवरून दिसलं. 'विकेड'चं गर्शविन १९७२ चं, ब्रॉडवेवरचं सगळ्यांत मोठं. तिथे मागच्या टोकाची खुर्ची खरोखरच लांब पडते, म्हणून तिथे थोडे जास्त पैसे पुढच्या खुर्चीसाठी घालवावेत. लंडनची बरीच थिएटरं शंभर वर्षांहून जुनी आहेत. फ्रँक मॅचम या वास्तुरचनाकाराने सज्जे खांबांशिवाय उभे करण्याची पद्धत सर्रास वापरली. 'हॅमिल्टन' चालतं ते लंडनचं व्हिक्टोरिया पॅलेस त्याचंच, १९११ सालचं. पण सगळीकडे त्याचा हात लागलेला नाही, त्यामुळे खांबाची चौकशी करायचीच.

चौकशी कशी करायची? 'सीटप्लॅन' या संकेतस्थळावर प्रेक्षकांनी आपापल्या खुर्चीवरून काढलेले फोटो आणि शेरे असतात. लंडनसाठी 'थिएटरमंकी' आहे. तिथे थिएटरनिहाय कुठली खुर्ची पैसे वसूल आणि कुठली टाळावी हे रंग लावून दाखवलेलं असतं. शेरा लिहिणाऱ्याची उंची त्यात दिलेली असेल तर त्याकडे जरूर बघा. सहा फुटी माणसाचं 'उत्तम दिसतं' माझ्या कामाचं नाही.

प्रवासात तारखा हातात नसतात, म्हणून मी एक नियम केला आहे: जे बघितल्याशिवाय परत यायचंच नाही, असं एकच नाटक घरून ठरवायचं आणि विमानाचं तिकीट निघाल्याबरोबर त्याचं काढायचं. बाकीचं तिथे गेल्यावर. तिकीट घ्यायचं ते नाटकाच्या किंवा थिएटरच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून. शोधायला गेलात तर सगळ्यांत वर जाहिराती दिसतात, त्या बहुधा पुनर्विक्री करणाऱ्यांच्या असतात आणि दर कितीतरी चढलेला असतो. आणखी एक, आपल्या कार्डावर परदेशी ऑनलाइन व्यवहार आधी सुरू करून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमापासून ते मुळात बंद असतात. खुर्ची निवडल्यावर दहा-एक मिनिटांत पैसे भरले नाहीत तर ती सुटते. त्या दहा मिनिटांत बँकेचं ॲप उघडून धावपळ करण्याची वेळ माझ्यावर आली आहे, आणि ती खुर्ची गेली.

वार निवडतानाही विचार हवा. दोन्हीकडे आठवड्याला साधारण आठ प्रयोग होतात. लंडनमध्ये बहुतेक नाटकांची सुट्टी रविवारी, न्यूयॉर्कमध्ये सोमवारी, म्हणून भटकंतीचे लांबचे बेत त्या दिवशी ठेवावेत. मंगळवार ते गुरुवार चांगल्या खुर्च्या सहज मिळतात, शनिवारी संध्याकाळी सगळ्यांत कठीण. नाताळचा आठवडा टाळता आला तर टाळावा. जानेवारी-फेब्रुवारी हा मंदीचा काळ. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा आणि पुन्हा सप्टेंबरच्या सुमारास 'ब्रॉडवे वीक' असतो, त्यात एका तिकिटाच्या दरात दोन मिळतात. लंडनमध्ये उन्हाळ्याच्या सुट्टीत मोठ्या माणसाच्या तिकिटावर मुलाचं तिकीट फुकट देणारी योजना असते. नातवंडं बरोबर असतील तर तिच्यासाठी लवकर नोंदणी करा. लहान मुलांसाठी खुर्चीवर ठेवायची जाड उशी थिएटरात मागता येते.

झोपेचं गणित मात्र कुणी सांगत नाही, आणि मला ते सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. उन्हाळ्यात लंडनचे संध्याकाळचे साडेसात म्हणजे आपल्याकडचे रात्रीचे बारा. न्यूयॉर्कचे रात्रीचे आठ म्हणजे आपली पहाटे साडेपाच. पोचल्याच्या दिवशी सर्वोत्तम खुर्ची घेतलीत तरी दुसऱ्या अंकात डोळे मिटणार. नवरा असा एकदा पूर्ण अंकभर झोपला आणि त्याला त्याचं फार वाईट वाटलं, मलाही. आता लंडनला दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी दुपारचा प्रयोग घेतो. अडीचचा प्रयोग म्हणजे शरीराला संध्याकाळचे सात, नाटकाचीच वेळ. दुपारचे प्रयोग बहुधा बुधवारी आणि शनिवारी असतात. न्यूयॉर्कला चार दिवस जाऊ देतो.

तिथे पोचल्यावरचे मार्ग. पहिला 'टीकेटीएस'. न्यूयॉर्कला टाइम्स स्क्वेअरच्या उत्तर टोकाला लाल पायऱ्या आहेत, त्यांच्याखाली ही तिकीटबारी. १९७३ पासून ती एक ना-नफा संस्था चालवते. त्याच दिवसाच्या प्रयोगांची तिकिटं वीस ते पन्नास टक्के सवलतीत मिळतात. लंडनची बारी लेस्टर स्क्वेअरच्या बागेच्या दक्षिण बाजूला घड्याळाच्या मनोऱ्याच्या इमारतीत आहे, ती १९८० पासूनची. तिथे आजची, उद्याची आणि परवाची तिकिटं मिळतात. त्या चौकातली खरी बारी तीच. इतर दुकानांत जायचंच असेल तर 'स्टार' या तिकीटविक्रेत्यांच्या संघटनेचं चिन्ह आहे का ते पाहा. बारीवर गेलात की फक्त "दोन द्या" म्हणू नका. रांग कुठली, नंबर कुठले, रिस्ट्रिक्टेड किंवा पार्शियल व्ह्यू आहे का, मध्यापासून किती लांब, हे विचारा. बारीवरच्या माणसांना या प्रश्नांची सवय असते. मागे रांग आहे म्हणून संकोचू नका, पैसे तुमचे आहेत. अगदी जोरात चाललेली नाटकं मात्र इथे क्वचित येतात.

त्यांच्यासाठी थिएटरची स्वतःची तिकीटबारी. न्यूयॉर्कमध्ये बारीवर घेतलं तर ऑनलाइनचा जादा आकार वाचतो. त्याहून मोठा फायदा म्हणजे तिथे माणूस असतो. प्रत्येक नाटकाच्या काही खुर्च्या निर्माते, कलाकार यांच्या पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या असतात, त्यांना 'हाऊस सीट' म्हणतात. त्या लागल्या नाहीत तर प्रयोगाच्या एक-दोन दिवस आधी विक्रीला सुटतात, आणि त्या तळमजल्यावरच्या मध्यातल्या, अगदी निवडक असतात. पूर्ण लाल झालेल्या प्लॅनवर अचानक दोन खुर्च्या मोकळ्या दिसल्या तर त्या याच असण्याची शक्यता मोठी. म्हणून हाऊसफुल नाटकाचा प्लॅन मी प्रयोगाच्या दोन दिवस आधीपासून सकाळ-संध्याकाळ उघडून बघते.

लंडनमध्ये परत आलेल्या तिकिटांची रांग लागते, तिला 'रिटर्न्स' म्हणतात. एका पावसाळी संध्याकाळी पावणेसहापासून आम्ही त्या रांगेत उभे होतो, पुढे चार माणसं. सात वाजून दहा मिनिटांनी बारीवरच्या मुलीने हाक मारली, एकच तिकीट होतं, स्टॉल्सची सातवी रांग, मधोमध. पुढच्या चौघांना दोन-दोन हवी होती. नवरा म्हणाला, "तू जा, मी बाहेर कॉफी पितो." मी आत गेले. पाच मिनिटांनी त्यालाही सर्कलच्या कडेचं एक मिळालं. मध्यंतरात भेटलो तेव्हा दोघांनी वेगळंच नाटक पाहिल्यासारखं एकमेकांना सांगत होतो. त्याला वरून समूहनृत्याची चक्रं दिसली होती, मला नायकाच्या कपाळावरचा घाम.

त्या दिवसापासून आम्ही वेगवेगळं बसायला तयार असतो आणि माझा सगळ्यांत हुकमी सल्ला हाच आहे. तिकीट विकत घेणारे बहुतेक जण जोडीने घेतात, त्यामुळे चांगल्या रांगांत एकेकट्या खुर्च्या मागे राहतात. प्लॅनवर 'एक तिकीट' असं घालून शोधा, हाऊसफुल वाटणाऱ्या नाटकातही सहाव्या-आठव्या रांगेत एखादी सापडते. नाटक सुरू झालं की तसंही बोलायचं नसतं.

'रश' (म्हणजे त्याच दिवशी आधी येणाऱ्याला मिळणारी स्वस्त तिकिटं) आणि लॉटरी या तरुणांच्या वाटा असं मी समजत होते, पण वयाची अट बहुधा नसते. १९९६ मध्ये 'रेंट' या म्युझिकलने पहिल्या दोन रांगा २० डॉलरला, त्याच दिवशी रांगेत उभं राहणाऱ्यांना द्यायला सुरुवात केली, तिथून ही प्रथा पसरली. आता बरीचशी नोंदणी ॲपवर होते. 'हॅमिल्टन'ची लॉटरी न्यूयॉर्कला १० डॉलरची, लंडनला १० पौंडांची. हे नाटक ज्याच्यावर आहे त्या अलेक्झांडर हॅमिल्टनचाच चेहरा अमेरिकेच्या दहाच्या नोटेवर आहे, त्यावरून ती किंमत ठेवली. लॉटरी लागण्याची शक्यता कमी, तरी नाव घालायला पैसे पडत नाहीत. मात्र निकालाचा संदेश आला की ठरावीक वेळेतच पैसे भरावे लागतात, म्हणून फोनचं इंटरनेट चालू ठेवा, आणि नाव पासपोर्टवर आहे तसंच घाला, कारण तिकीट देताना ओळखपत्र बघतात. मिळणारी खुर्ची निवडता येत नाही. अगदी पुढची किंवा कडेची असू शकते.

गुडघे दुखणाऱ्यांसाठी वेगळं लिहिते. लंडनच्या जुन्या थिएटरांत स्टॉल्स अनेकदा रस्त्याच्या पातळीखाली असतात आणि ड्रेस सर्कल रस्त्याच्या पातळीला. 'खालची खुर्ची म्हणजे जिना नको' हा हिशेब तिथे चुकतो. अपर सर्कलला खूप चढावं लागतं, लिफ्ट सगळीकडे नसते, आणि वरच्या मजल्याच्या पायऱ्या फार उभ्या असतात. त्या अंधारात उतरताना माझ्या हाताला घाम फुटतो. प्रत्येक थिएटरचा 'ॲक्सेस'साठी वेगळा फोन किंवा ईमेल असतो. जिने चढता येत नाहीत, चाकांची खुर्ची आहे, ऐकायला कमी येतं, असं काहीही असेल तर सरळ तिथे लिहा. किती पायऱ्या आहेत तेही ते सांगतात, आणि अशा प्रेक्षकांसाठी खुर्च्या आणि दर बहुधा वेगळे असतात. गुडघ्यांसाठी वाटेच्या कडेची खुर्ची घ्यावी, एक पाय तरी मोकळा राहतो. नवरा नेहमी कडेला, मी त्याच्या आतल्या बाजूला.

प्रयोगाच्या दिवशी अर्धा तास आधी पोचा. उशीर झाला तर गाणं संपेपर्यंत दाराशी उभं करतात, कधी पहिला अंक अर्धा होईपर्यंतही. मोठ्या बॅगा आत नेऊ देत नाहीत. खुर्चीवरून खरंच काही दिसत नसेल आणि ते तिकिटावर लिहिलेलं नसेल, तर दिवे मंदावण्याच्या आधीच दाराशी उभ्या असलेल्या माणसाला शांतपणे सांगा. दुसऱ्या एका खेपेला माझ्या पुढे उंच केशरचनेच्या बाई येऊन बसल्या. मी जाऊन सांगितलं, तर त्या मुलाने दोन रांगा सोडून एक मोकळी खुर्ची दाखवली आणि मध्यंतरात येऊन, आता नीट दिसतंय ना, तेही विचारलं.